तारेवरून येणाऱ्या चोराचा माग कसा निघतो?



तुमच्या विहिरीवरची मोटार तुम्ही चालू न करता चालू झाली, किंवा भरणे अर्ध्यावर असताना बंद पडली, तर तुमचा पहिला संशय कोणावर जातो? बहुतेक घरांत तो वायरमनवर जातो, नाही तर बांधाशेजारच्या भाऊबंदावर. जुन्या काळी हा संशय फारसा चुकीचाही नव्हता. मोटारीची पेटी विहिरीवर आणि तिला हात लावायचा तर माणसाला तिथवर चालत जावे लागे. काट्याकुट्यातून, चिखलातून गेलेल्या माणसाचे पाऊल उमटायचे.

आता तसे राहिलेले नाही. धाराशिव जिल्ह्यात कळंबपासून उमरग्यापर्यंत कोणत्याही शिवारात जा, स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड दिसते. तुळजापूरच्या बाजारात उभे राहून मोटार चालू करता येते आणि पुण्याला नोकरीला असलेला मुलगा तिथून ती बंद करू शकतो. कुसुम योजनेतल्या सौर पंपावर दूरदेखरेखीचे यंत्र बसवण्याची अटच आहे. पंप किती चालला आणि किती पाणी उपसले, ते तुमच्या वाफ्यात पाणी पोचण्याआधी कंपनीच्या संगणकावर पोचते. घरावर कॅमेरा आला आणि आता स्वतःहून रीडिंग पाठवणारी विजेची मीटरेही आली. मुकी यंत्रे बोलकी झाली. पण जे यंत्र तुमच्याशी दुरून बोलते, ते परक्याशीही बोलू शकते. परक्याने त्याला फितवले तर ते ओळखायचे कसे आणि त्या परक्याचा ठिकाणा कसा शोधायचा, हा आजचा विषय आहे. विषय नवा वाटेल, पण त्यातली अक्कल बरीचशी आपल्या ओळखीचीच आहे.

मुंबईचा तो सोमवार

१२ ऑक्टोबर २०२० हा दिवस आठवून पाहा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. करोनाचे दिवस, त्यामुळे रुग्णालयांत जनरेटरची धावपळ. काही भागांत वीज परत यायला बरेच तास लागले. आपल्याकडे वीज जाणे ही बातमी नसते, पण मुंबईची वीज जाणे ही देशाची बातमी झाली.

त्याच दिवशी तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितले की, कळवा-पडघे वाहिनीच्या एका सर्किटवर दुरुस्तीचे काम चालू होते, सारा भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्यात बिघाड झाला. म्हणजे एका बैलाला दुखापत म्हणून सगळे ओझे दुसऱ्यावर टाकले आणि तोही बसला, असा प्रकार. पण दोन दिवसांतच घातपाताची शक्यता नाकारता येत नाही, असेही त्यांनी म्हटले आणि चौकशी सुरू झाली.

पुढे २८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकन कंपनीचा अहवाल बाहेर आला. चीनशी संबंधित एका टोळीने भारतातल्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांच्या आणि दोन बंदरांच्या जाळ्यांत शिरकाव केल्याच्या खुणा दिसतात, असे त्यात होते. त्या दहांत विजेचा भार सांभाळणाऱ्या पाच प्रादेशिक केंद्रांपैकी चार होती. या टोळीला कंपनीने ‘रेडएको’ असे नाव दिले. चीनने आरोप नाकारला. दुसऱ्याच दिवशी, १ मार्चला, तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल सांगितला : वीज मंडळाच्या संगणकांत १४ घातकी प्रोग्राम सोडले गेले असावेत आणि परदेशातल्या संगणकांवरून आठ जीबी माहितीची हिशेबात नसलेली ये-जा झाली असावी. त्यानंतर एकच दिवस गेला आणि केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की, मुंबईचा अंधार माणसाच्या चुकीमुळे झाला, हल्ल्यामुळे नव्हे. हल्ले झाले होते, पण त्यांचा या अंधाराशी संबंध नाही.

आता यातले खरे कोणते? नीट पाहिले तर ही विधाने एकमेकांना सगळीच्या सगळी खोडत नाहीत. घरात चोर शिरल्याच्या खुणा सापडल्या आणि त्याच आठवड्यात घराची भिंत पडली, म्हणून भिंत चोराने पाडली असे होत नाही. पावसानेही ती पडलेली असू शकते. खुद्द त्या अमेरिकन कंपनीने आपल्या अहवालात लिहिले होते की, सापडलेल्या घातकी प्रोग्रामचा मुंबईच्या अंधाराशी जोडलेला संबंध सिद्ध झालेला नाही. हे वाक्य फार थोड्या वर्तमानपत्रांनी ठळक छापले असेल. ‘चीनने मुंबई अंधारात लोटली’ ही बातमी खपते, ‘सिद्ध झालेले नाही’ ही खपत नाही.

या कामातली पहिली पायरी ही अशी आहे. आधी बिघाड की घातपात ते ठरवायचे, आणि ते ठरेपर्यंत कोणाचे नाव घ्यायचे नाही.

बेचाळीस अधिक शंभर पंप आणि एक नोकरी न मिळालेला माणूस

मुंबईपेक्षाही आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट ऑस्ट्रेलियात घडली आहे, कारण ती पंपांची आहे. क्वीन्सलँड राज्यात मरूची नावाचा भाग आहे. तिथल्या सांडपाण्याच्या योजनेत १४२ पंपघरे होती आणि ती सारी बिनतारी संदेशांवर चालत. सन २००० च्या जानेवारीअखेरीपासून तिथे विचित्र प्रकार सुरू झाले. पंप चालायला हवा तेव्हा चालेना. धोक्याची घंटा वाजायला हवी तेव्हा वाजेना. मध्यवर्ती कचेरीशी पंपघरांचा संपर्क तुटू लागला. एप्रिलपर्यंत सुमारे आठ लाख लिटर घाण पाणी बागांत, ओढ्यांत आणि एका मोठ्या हॉटेलच्या आवारात शिरले. ओढ्याचे पाणी काळे पडले, जलचर मेले.

तिथल्या अभियंत्यांनीही आधी बिघाडच समजून यंत्रे तपासली, प्रोग्राम नव्याने भरले. तरी दुखणे हटेना. मग त्यांनी येणारा-जाणारा प्रत्येक संदेश नोंदवायला सुरुवात केली. त्या नोंदींत दिसले की, गोंधळ घालणारे संदेश चौदा क्रमांकाच्या पंपघराच्या नावाने येत आहेत. तिथे जाऊन पाहिले तर तिथले यंत्र ठणठणीत! म्हणजे दुसराच कोणी चौदा नंबरचे सोंग घेऊन बोलत होता.

त्यावर अभियंत्याने जी युक्ती केली, ती मला फार आवडते. त्याने खऱ्या चौदा नंबरच्या पंपघराचा क्रमांकच बदलून टाकला. आता चौदा नंबर अस्तित्वातच नाही, मग चौदाच्या नावाने जो संदेश येईल तो तोतयाचाच! घरातल्यांनी आपसांत खुणेची हाक बदलून घ्यावी आणि जुनी हाक मारणारा आपोआप उघडा पडावा, तसे हे झाले.

२३ एप्रिल २००० च्या रात्री पुन्हा असेच संदेश सुटले. पोलिसांनी त्या भागात एक मोटारगाडी अडवली. गाडीत लॅपटॉप आणि बिनतारी यंत्र सापडले. माणूस कोण निघाला? ही यंत्रणा बसवून देणाऱ्या ठेकेदार कंपनीचा माजी नोकर. त्याने तिथली नोकरी सोडली होती आणि नगर परिषदेकडे मागितलेली नोकरी त्याला मिळाली नव्हती. ऑक्टोबर २००१ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

ज्याने यंत्र बसवले त्याला त्याच्या साऱ्या खाचाखोचा ठाऊक असतात, हे यातून दिसते. तुमच्या स्टार्टरमध्ये पहिला मोबाईल नंबर कोणाचा घातला गेला आहे, आठवते का? बहुतेक वेळा यंत्र चालते का ते बघायला बसवणारा मेकॅनिक आधी स्वतःचा नंबर घालतो आणि मग तो काढायचा राहून जातो. माणूस प्रामाणिक असेल, पण त्याचा मोबाईल हरवला तर?

जागल्याचा माग आणि तारेवरचा माग

जुन्या गावगाड्यात चोरी झाली की गावचा राखणदार चोराच्या पावलांचा माग काढी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशवाई मुलखाचा जो वृत्तान्त लिहिला, त्यात ही रीत नोंदली आहे. माग गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावच्या राखणदाराला पटवून दिला, की पहिल्या गावाची जबाबदारी संपे. मग माग पुढे नेण्याचे काम दुसऱ्या गावाचे. ज्या गावात माग विरला, त्या गावाला चोरीच्या मालाचा जाब द्यावा लागे.

इंटरनेटवरचा माग थेट असाच निघतो. हे जाळे एकसंध नाही, ती हजारो कंपन्यांची गावे एकमेकांना लागून वसलेली आहेत. तुमच्या यंत्रावर आलेल्या प्रत्येक संदेशावर पाठवणाऱ्याचा क्रमांक असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्या पत्त्यावरून तो कोणत्या कंपनीच्या हद्दीतून आला ते कळते. मग त्या कंपनीच्या वहीत पाहायचे की, अमुक तारखेला, अमुक मिनिटाला हा पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता. मिनिट महत्त्वाचे, कारण मोबाईलवर एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि तो बदलतही राहतो.

अडचण अशी की, चोर बहुधा स्वतःच्या पायाने येत नाही. तो आधी तिसऱ्याच देशातल्या एखाद्या माणसाचे यंत्र फितवतो, त्यावरून चौथ्या देशातले, आणि तिथून तुमच्याकडे येतो. काही हल्ल्यांत तर पाठवणाऱ्याचा पत्ताच खोटा घातलेला असतो. तेव्हा एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत, मागे मागे जावे लागते. वाटेतल्या एका गावाने वही ठेवली नसेल, किंवा दाखवायला नकार दिला, तर माग तिथेच विरतो. आणि त्या गावाला जाब विचारणारा कोणी पेशवा आता नाही. म्हणून ‘हल्ला अमुक देशातून आला’ असे वाचाल तेव्हा एवढेच समजा की, शेवटचे पाऊल त्या देशात दिसले. पाऊल कुठे दिसले, पाय कोणाचा होता आणि त्याला कोणी पाठवले होते, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर यंत्रे देतात. उरलेल्या दोहोंसाठी पोलीस लागतात, साक्षी लागतात आणि कधी कधी वर्षे लागतात.

वहीबरोबर घड्याळही बरोबर हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप उमरगा-लोहारा भागातली माणसे विसरलेली नाहीत. भूकंपाचे केंद्र कुठे होते ते कसे ठरवतात? वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांवर धक्का नेमका कोणत्या सेकंदाला पोचला, ते ताडून. एका ठिकाणचे घड्याळ चुकीचे असेल तर केंद्र भलतीकडेच सरकते. सायबर तपासातही पाच ठिकाणच्या नोंदी शेजारी मांडून आधी काय झाले आणि मागून काय झाले ते लावावे लागते. एका यंत्राचे घड्याळ दहा मिनिटे मागे असेल तर चोर आणि शेजारी यांची अदलाबदल व्हायची. म्हणून ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये तीन गोष्टी बंधनकारक केल्या. कंपन्यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे सरकारी प्रमाणवेळेशी जुळवावीत, नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत द्यावी. तुमच्या दृष्टीने यातले १८० दिवस ध्यानात ठेवण्यासारखे. सहा-सात महिन्यांनी तक्रार घेऊन गेलात तर ती वही कोरी झालेली असू शकते.

कामगंध सापळा

हरभऱ्यात घाटे अळीसाठी तुम्ही कामगंध सापळे लावता. त्या सापळ्याने सगळे पतंग संपतात असे नाही. त्याचा खरा उपयोग म्हणजे पतंग आला का आणि किती आला, ते कळणे. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग दिसले की फवारणीची वेळ झाली असे आपण समजतो. सायबर रखवालदारही असेच सापळे लावतात. कुणाच्याच उपयोगाचे नसलेले, पण दुबळ्या कॅमेऱ्यासारखे किंवा पंपाच्या स्टार्टरसारखे भासणारे यंत्र ते जाळ्यावर ठेवून देतात. त्याच्याकडे कोणाचेच काम नसते, त्यामुळे जो दार ठोठावतो तो एक तर वाट चुकलेला, नाही तर चोर.

२०१६ साली ‘मिराई’ नावाचा घातकी प्रोग्राम अशाच सापळ्यांत सापडला. तो जगभरच्या कॅमेऱ्यांची आणि राऊटरची दारे ठोठावत फिरे. त्याच्याजवळ साठेक ठरावीक किल्ल्या होत्या, म्हणजे कारखान्यातून येतात ते पासवर्ड. ज्यांनी ते बदलले नव्हते त्यांची यंत्रे त्याच्या फौजेत भरती झाली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने डिन या अमेरिकन कंपनीवर धाड घातली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या कंपन्यांची दारे काही तास बंद पडली. मूळ प्रोग्राम लिहिणारी तीन अमेरिकन तरुण पोरे निघाली. परदेशी सरकार वगैरे कोणी नव्हते. त्यांनी २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला.

ज्यांचे कॅमेरे फितले त्यांना काही कळले नाही, कारण कॅमेरा तर नीट चालत होता. जपानमध्ये २०२४ साली सौर वीज केंद्रांवरची सुमारे ८०० दूरदेखरेख यंत्रे अशीच फितवली गेल्याची बातमी आली. तिथे वीज कोणी बंद केली नाही. त्या यंत्रांच्या आडून लोकांच्या बँक खात्यांतले पैसे पळवले गेले. चोराला तुमचा पंप नकोच असतो, त्याला तुमचे अंगण उभे राहायला हवे असते. मग माग काढीत पोलीस येतात ते तुमच्या दारी. आपण निर्दोष आहोत हे पटवायचे तर यंत्र कोणाचे, सिम कोणाच्या नावावर आणि पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक, याची उत्तरे घरात हवीत.

सगळ्या मोटारी एकदम

आणखी एक धोका आपल्या डीपीचा आहे. ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले. का? कारण वीज आली की साऱ्या शिवारातल्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि रोहित्र जळते. मग सोयाबीन वाळत असताना डीपीची वाट पाहणे काय असते, ते तुम्हाला सांगायला नको. आता हेच कोणी मुद्दाम केले तर? अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवले की, जास्त वीज खाणारी पुष्कळ घरगुती यंत्रे फितवून एकदम चालू-बंद केली तर वीजजाळेच डळमळू शकते. ते वातानुकूलन आणि पाणी तापवण्याच्या यंत्रांबद्दल बोलत होते. आपल्याकडे पाच-साडेसात अश्वशक्तीच्या मोटारींचा भार त्याहून कमी नाही. असे आपल्या जिल्ह्यात घडलेले नाही. पण एका कंपनीचे, एकाच कारखानी पिनचे स्टार्टर गावोगाव लागतात, तेव्हा एक किल्ली साऱ्या कुलपांना लागते, हे विसरून चालणार नाही.

ओळखायचे कसे?

जातिवंत गवळी म्हशीकडे पाहून सांगतो की, हिचे काही तरी बिनसले आहे. तो डॉक्टर नसतो, पण तिचे रोजचे रवंथ, रोजचे दूध आणि रोजचे उठणे-बसणे त्याच्या डोळ्यांत बसलेले असते. यंत्राचेही तसेच आहे आणि मोठमोठ्या कंपन्यांची हल्ला ओळखणारी यंत्रणाही हेच करते : रोजचा शिरस्ता शिकून घ्यायचा आणि शिरस्ता मोडला की हाक मारायची. तुमच्या स्टार्टरचे रिचार्ज महिनाभर पुरते, ते दहा दिवसांत संपले, तर ते यंत्र कोणाशी तरी जास्त बोलते आहे. कॅमेरा कोणी पाहत नसताना राउटरचा दिवा रात्रभर फडफडत असेल, तर चौकशी करा. तुम्ही न घातलेला नंबर स्टार्टरच्या यादीत दिसला, तर मग शंकेला जागाच उरली नाही. उलट मोटार फक्त व्होल्टेज पडल्यावर किंवा एक फेज गेल्यावर बंद पडत असेल, तर तो साधा बिघाड. तिथे चीनला मध्ये आणू नका आणि भाऊबंदालाही नको.

बदल फार खर्चाचा नाही. पिन आणि पासवर्ड बदला, बसवणाऱ्याचा नंबर काढा, सिम घरातल्याच माणसाच्या नावावर ठेवा. मिराईसारखा प्रोग्राम यंत्र बंद करून चालू केले की निघून जातो, पण पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परत येतो. तेव्हा दोन्ही कामे पाठोपाठ करायची. ‘आमच्या पंपाला कोण विचारतो’ असे माणसे म्हणतात. मिराईसारखा प्रोग्राम दार ठोठावताना मालक कोण ते विचारत नाही.

खरोखरच घातपात वाटला तर मात्र उतावीळपणे यंत्र कारखानी स्थितीवर आणू नका. तसे केले की आतल्या नोंदी पुसल्या जातात. चोरीनंतर अंगण शेणाने सारवावे, तसे ते होते. आधी यंत्राची वायर किंवा सिम काढून त्याचे बाहेरचे बोलणे थांबवा. आलेले संदेश पुसू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा. मोटार कोणत्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी चालू झाली, ते घरातल्या शाळकरी मुलाकडून वहीत लिहून घ्या. पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० वर फोन करा. इतर तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात करता येते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या अशा यंत्रात हात घालणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, हेही माहीत असू द्या, म्हणजे ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे कोणी म्हणाले तर कोणाला भेटायचे ते विचारता येईल. जाताना स्टार्टरची पावती, पेटीवरचा क्रमांक, सिमचा नंबर आणि ती तारखांची वही बरोबर न्या.